दहावी कॅसेट आणि एक अज्ञात बेडूक

परत आले तर माझ्या मायक्रोफोनच्या शेजारी एक माणूस बसलेला.

अगदी शेजारी! मांडी घालून, हात गुडघ्यांवर, डोळे मिटून... मी जागच्या जागी थिजले. मेनोरेह डोंगरातल्या त्या घळीत सकाळी सहाला माकडंसुद्धा खाली उतरत नाहीत, मग हा कोण? भूत म्हणावं तर पायात निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला होत्या.

भीती ओसरली आणि राग आला. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या कामाची रीत अशी, की मायक्रोफोन मांडायचे, यंत्र सुरू करायचं आणि आपण शंभर पावलं लांब जाऊन गुपचूप बसायचं. माणूस जवळ असला की त्याचा श्वास येतो, जाकिटाची खसखस येते, पोटातली गुरगुर तर हमखास येते. रानातली पहाट ऐकायला बसलेल्याला कुणाचं तरी रिकामं पोट ऐकू आलं तर तो माझी कॅसेट परत धाडतो. आणि आज तर... आज खाली खडकाआड बसल्या बसल्या मी मुराई ऐकला होता! काळं डोकं, तांबडं पोट, लांब शेपटी आणि गळ्यात अख्खी मैफल. पिंजऱ्यात हवे तेवढे सापडतील. पण आमच्या या डोंगरांत, मोकळ्या फांदीवर, वीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

मी वाकून यंत्र बंद केलं. त्या आवाजानं त्यानं डोळे उघडले.

“झालं का तुमचं?” त्यानं विचारलं. जणू मीच त्याच्या अंगणात येऊन बसले होते.

“तुम्ही इथे कधीपासून आहात?”

“हा लाल दिवा दिसला तेव्हापासून. असतील चाळीस मिनिटं.”

“चाळीस! अहो, हे काय बसस्टँड आहे? हलला असाल, खोकला असाल, नाक ओढलं असेल—”

“नाही.”

“निदान थुंकी तरी गिळली असेल!”

त्यानं विचार केला. अगदी मनापासून केला. “गिळली. एकदाच... पण ते विमान गेलं ना वरून, तेव्हा.”

मी हसायला नको होतं. हसले. मग हसल्याचा राग येऊन तिथेच कानांवर हेडफोन चढवले आणि सगळं पुढे-मागे करून ऐकलं. पानांवरून ठिबकणारं दव होतं. ओढा होता. विमान होतं. मुराई होता, इतका जवळ, इतका स्वच्छ, की अंगावर काटा आला. आणि दोन हातांवर बसलेला हा माणूस... कुठेच नव्हता! माझ्या ओळखीत असे पुरुष आहेत, ज्यांना चार मिनिटं गप्प बसवत नाही. खरं सांगायचं तर माझं जे काही व्हायचं ते त्या घळीतच झालं. फक्त ते कबूल करायला मला पुढे बरेच दिवस लागले.

“नाव सांगा,” मी वही काढली.

“पोलिसात देणार?”

“कव्हरवर छापणार. रेकॉर्डिंगच्या वेळी जो हजर असेल त्याचं नाव छापतो आम्ही. नियम आहे.”

“मग त्या सरड्याचं पण छापा. तो माझ्या आधीपासून बसलाय.”

“नाव!”

“हंदारू.” तो उठला, मागे ठेवलेलं एक मोठं, बाटिकच्या फडक्यात बांधलेलं बोचकं त्यानं उचललं.

“त्यात काय आहे?”

“काही नाही, म्बाक...” अनोळखी बाईला आमच्याकडे म्हणतात तसं तो म्हणाला. “रिकामंच आहे.”

आणि तो त्या रिकाम्या बोचक्याकडे असा बघत राहिला, की पुढे विचारायचं मला सुचलंच नाही.

माझ्या कंपनीला कंपनी म्हणायचं धाडस मी सोडून कुणी करत नाही. बांतुलमध्ये भाड्याच्या घराची मागची खोली, कॅसेटच्या प्रती काढणारी दोन जुनी यंत्रं, पाकिटं, डिंक आणि मी. नाव ‘गोदोंग’, म्हणजे झाडाचं पान. प्रत्येक कॅसेटच्या शंभरच प्रती. भरतीच्या वेळचं खारफुटीचं रान, उन्हाळ्यात सागाची पानं गळतात तो माळ, भाताच्या खाचरातली बेडकं... अशा नऊ झाल्या होत्या. माझे वडील दर सणाला तेच विचारतात, “पावसाचा आवाज विकत घेणारी माणसं तुला भेटतात तरी कुठे गं? छपरावर फुकट पडतो की!”

भेटतात. सुराबायाला भेटतात, कानाझावाला भेटतात, लिस्बनला भेटतात. ती माणसं कॅसेट लावतात आणि डोळे मिटतात. कव्हरवर मी लिहिलेलं असतं ठिकाण, तारीख, वेळ, हजर. अमुक ओढ्याच्या अमुक वळणावर, इतक्या वाजता. हजारो मैलांवरून कोणी तपासायला येणार आहे? कोणी नाही. मी म्हणते म्हणून त्यांना ते खरं वाटतं. माझ्याकडे दुसरं भांडवलच नाही. कव्हरवर जे आहे तेच आत आहे, हा एक शब्द काय तो माझा. तो गेला की ‘गोदोंग’ नुसती डिंकाची आणि पाकिटांची खोली.

दहाव्या कॅसेटची घोषणा मी त्याच आठवड्यात केली. ‘मेनोरेहच्या रानात मुराई परतला.’ चार दिवसांत शंभरच्या शंभर नोंदवल्या गेल्या. असं कधीच झालं नव्हतं.

हंदारू ते रेकॉर्डिंग ऐकायला आला तेव्हा पाऊस पडत होता. पत्र्यावर असा कोसळत होता, की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येईना. पाऊस आला की आमचा धंदा बंद. दुकानाचं शटर ओढल्यासारखा. केळीच्या पानात गुंडाळलेलं सोयाबीनचं गरम तेंपे त्यानं टेबलावर ठेवलं आणि दारातच चपला हातात धरून उभा राहिला.

“या ना, मस हंदारू,” मी म्हणाले. आमच्याकडे रिक्षावाल्यालाही मस म्हणतात आणि नवऱ्यालाही, त्यामुळे त्या शब्दात कुणी अडकत नाही.

हेडफोन एकच होता. त्याचा एक कान मी धरला, एक त्यानं. डोकी जवळ आणावीच लागली, त्याला इलाज नव्हता... त्याच्या केसांना ओल्या बांबूचा वास होता. ‘बांबूचं काम करतो,’ एवढंच त्यानं सांगितलं होतं. मी मनातल्या मनात त्याला खुर्च्या विणायला लावल्या होत्या.

मुराई सुरू झाला. आधी एक लांब शीळ, मग गिरक्या, आणि मग तो विचित्र आवाज. कुर्रर्र, टक-टक. कुर्रर्र, टक-टक. तीनदा. मग परत शीळ.

शेजारी कंठ हलला.

“आता गिळलीत,” मी म्हणाले.

“विमान गेलं.”

“इथे विमान नाहीये.”

“माझ्या कानात गेलं,” तो म्हणाला आणि घाईघाईनं त्यानं तेंपेचा तुकडा तोंडात टाकला.

“हे कुर्रर्र काय आहे, सांगा ना! मुराई नकला करतो, हे माहीत आहे मला. पण ही नक्कल कशाची? तीन दिवस कान फुटायची वेळ आली. माझा तर्क आहे... बेडूक. त्या घळीतला, अजून कुणी न नोंदवलेला बेडूक! कव्हरवर तसंच छापतेय, ‘मध्ये एका अज्ञात बेडकाची नक्कल.’ घोषणेतही टाकलंय.”

त्याला असा ठसका लागला, की मला पाणी आणावं लागलं. पाठीवर थापही मारावी लागली. पाठ चांगली रुंद होती.

“बेडूक...” डोळे पुसत तो म्हणाला. “असेल. का नसेल?”

त्यानंतर तो येतच राहिला. कधी पाकिटांना डिंक लावायला, कधी नुसताच. मी यंत्रापाशी बसायची, तो उंबऱ्यावर. तासतासभर आम्ही काही बोलायचो नाही. बाहेर पोपईच्या पानावर थेंब पडायचे, यंत्रं घरघरायची, आणि मधूनच मी मान वर केली की तो दुसरीकडे बघायला लागायचा. मीही लबाड, मान वर न करता बघायला शिकले.

“तुम्हाला कंटाळा नाही येत?” एकदा मी विचारलं.

“कशाचा?”

“इथे काहीच घडत नाही, त्याचा.”

“घडतंय की,” तो म्हणाला. “तुम्ही मघापासून तीन वेळा केस कानामागे सारलेत. आणि चौथ्यांदा... आता.”

मी तो हात तसाच कानापाशी धरून बसले. खाली कसा आणावा, तेच कळेना.

कव्हरं छापून आली त्या दिवशी मी त्याला मुद्दाम बोलावलं. जाड भुऱ्या कागदावर काळी अक्षरं, आणि तळाशी ‘हजर: रुमांती, हंदारू’. शंभर कागदांवर शंभर वेळा आमची नावं शेजारी शेजारी. छापखानेवाल्यानं डोळा मारून विचारलं होतं, ‘कॅसेटचं कव्हर आहे की लग्नपत्रिका?’ हे मी हंदारूला सांगितलं नाही. गरज नव्हती. त्यानं ती ओळ वाचली आणि त्याचे कान लाल झाले. त्यानं स्वल्पविरामावरून हलकेच बोट फिरवलं...

मग नजर वर सरकली. ठिकाणाच्या ओळीवर थांबली. चेहरा उतरला.

“इतकं नेमकं छापता? ओढ्याचं नाव, कुठल्या खडकापाशी...”

“नियम आहे.”

“आणि नाही छापलं तर?”

“तर मग तो आवाज कुठलाही असेल. कुणाच्या परसातलाही! विश्वास कोण ठेवणार?”

चहा तसाच निवला. पाऊस थांबायचीही वाट न बघता तो उठला, आणि रेनकोट विसरून गेला.

विसरला नव्हता. मी खुर्चीमागे सरकवला होता. पण नेऊन द्यायला काहीतरी निमित्त नको?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो रेनकोट घडी करून निघाले. पत्ता सोपा होता. इमोगिरीच्या रस्त्याला, फणसाच्या झाडाचं घर. ओसरीपाशी स्कूटर लावली आणि बघतच राहिले. आढ्याला ओळीनं पिंजरे टांगलेले. अर्धवट विणलेले, रंगवलेले, घुमटाचे, नक्षीचे. खुर्ची एकही नव्हती.

“तू रुमांती ना?” आतून आवाज आला. “ये गं बाई, ये. मी सुपिनी, हंदारूची आई. हा मागे बांबू धुतोय. तू बस, मी एवढी बाही जोडते.”

आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आमच्याकडे इबू म्हणतात; इबू सुपिनींनी शिलाई मशीनचं पायडल दाबलं.

कुर्रर्र, टक-टक. कुर्रर्र, टक-टक. कुर्रर्र, टक-टक.

माझ्या हातातून रेनकोट पडला.

“कुरकुरतं बाई मेलं,” त्या हसत म्हणाल्या. “हंदारू रोज म्हणतो तेल घालतो, आणि घालत नाही. आमच्या कंजेंगनं तर पाठच करून टाकलं होतं. या कुरकुरीपायी पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत दोनदा गुण गेले त्याचे!”

“कंजेंग... कोण?”

“आमचा मुराई गं! इथे, माझ्या डोक्यावरच टांगलेला असायचा. दोन महिने झाले उडाल्याला. अख्ख्या जिल्ह्याला पिंजरे करून देतो आणि स्वतःच्या पिंजऱ्याची कडी लावायला विसरला! आळीनं पोट धरधरून हसून घेतलं. हा मात्र डोंगरन् डोंगर धुंडाळत फिरला, रिकामा पिंजरा फडक्यात बांधून.”

माझा अज्ञात बेडूक माझ्यासमोर बसून केबायाची बाही शिवत होता.

हंदारू मागच्या दारातून आला तो हात पुसत. मला बघून आधी त्याचा चेहरा उजळला, मग त्यानं मशीनकडे पाहिलं, आणि मग सगळं समजून तो तिथेच उभा राहिला.

मी तडक अंगणात गेले. तो मागोमाग आला.

“तुला माहीत होतं!” तुम्ही-बिम्ही कुठल्या कुठे गेलं. “पहिल्या दिवसापासून!”

“पहिल्या शिळेपासून.”

“आणि मी बेडूक छापतेय... शंभर लोकांना रानातला मुराई म्हणून तुमच्या घरातला पक्षी विकतेय... आणि तू उंबऱ्यावर बसून माझे केस मोजत होतास!”

“तीनदा सांगायला आलो होतो.”

“मग?”

“तू इतकी आनंदात होतीस, की...”

“माझ्या आनंदाची एवढी काळजी, की मला खोटं छापू दिलंस? हंदारू, माझ्याकडे आहे काय? एक शब्द आहे माझा. तेवढाच आहे!”

त्यानं मान खाली घातली.

“नुसतं तेवढंच कारण नव्हतं,” तो म्हणाला. “आधी मी त्याला पकडायलाच गेलो होतो. शीळ घातली असती तर हातावर येऊन बसला असता. पण तुझा दिवा दिसला. म्हटलं, कुणीतरी ऐकतंय, ऐकू दे. बसलो. आणि मग तो... मी न शिकवलेलं काहीतरी गायला लागला. ओढ्याच्या पाण्यासारखं. कधी शिकला कुणास ठाऊक! मग माझ्यानं शीळ घालवली नाही.”

“मग हे तरी सांगायचंस.”

“सांगणार होतो. पण मग तू ठिकाण छापलंस.” त्यानं वर पाहिलं. “रुमांती, मी पिंजरे विकतो. ते घ्यायला कोण कोण येतं, मला माहीत आहे. मुराई मोकळा आहे आणि अमुक ओढ्यावर आहे, एवढं कळलं की दोन दिवसांत तिथल्या फांदीफांदीला पक्षी धरायचा चीक लागेल. रानातला म्हण, नाहीतर पळालेला म्हण. त्यांना काय फरक पडतो? छापू नको म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. आणि का ते सांगितलं की तुझी कॅसेट जाणार. मला ना धड बोलता आलं, ना गप्प बसता आलं.”



मला सहावी कॅसेट आठवली. घाटाखालचं रान, सकाळी हिरव्या पर्णपक्ष्यांचा नुसता किलबिलाट. वर्षानं मी परत गेले होते तर सगळं चिडीचूप. मी पावसाला दोष दिला होता. ठिकाण, तारीख, वेळ... सगळं मीच तर छापून दिलं होतं. पक्षी धरणाऱ्यांना नकाशा काढून दिल्यासारखं. इतका अभिमान होता मला त्या नियमाचा! हंदारूच्या अंगणातून मी कशी निघाले, स्कूटर कशी चालवली, काही आठवत नाही. रडत होते, एवढं आठवतं.

पाच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. रागावले होते म्हणून नाही; लाज वाटत होती.

त्या पाच दिवसांत मी ई-मेलनं शंभर पत्रं धाडली. प्रत्येकाला खरं ते कळवलं. हा पक्षी रानातला नाही, पिंजऱ्यातून सुटलेला आहे, मधला आवाज शिलाई मशीनचा आहे, मी चुकले, नको असेल तर कळवा. सगळ्यात जड गेलं ते बोगोरच्या एका बेडूक-अभ्यासकाला लिहिताना. त्यांनी अज्ञात बेडकाबद्दल फार उत्साहानं चौकशी केली होती. त्यांचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. एकच ओळ होती, ‘मशीन कोणत्या जातीचं आहे?’

त्या ओळीवर मी खुर्चीतून पडेपर्यंत हसले, आणि मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. बावीस जणांनी कॅसेट नको म्हटलं. एकानं तर चार शब्द सुनावलेही, आणि त्याचं बरोबर होतं. बाकीच्यांनी लिहिलं, पाठवा. कानाझावाच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी लिहिलं, ‘घरातला आवाज घेऊन रानात गेलेला पक्षी मला ऐकायचाच आहे.’

पण कव्हरं? छापखानेवाल्याच्या मुलीचं लग्न होतं, दुकानाला आठवडाभर कुलूप. मी शंभर कागदांचा गठ्ठा समोर ठेवला, दोनदा पाणी प्यायले आणि हंदारूला निरोप धाडला, ‘काळं पेन घेऊन ये. जाड टोकाचं.’

अर्ध्या तासाचा रस्ता आहे. वीस मिनिटांत हजर. तीन पेनं घेऊन.

“काय करायचंय?” दारातूनच त्यानं विचारलं. माझ्याकडे बघायचं टाळत होता बिचारा.

“खोडायचंय. ‘रानातला’ खोडायचं. बेडूक खोडायचा. आणि ठिकाण... तेही खोडायचं. दिव्यासमोर धरलं तरी वाचता येता कामा नये.”

त्याची मान झटकन वर झाली. “ठिकाण? पण तुझा नियम—”

“नियम माझा आहे. मोडायचा झाला तर मीच मोडणार ना? शेजारी लिहितेय मी, ‘ठिकाण सांगत नाही, कारण पक्षी अजून तिथे आहे.’ हेही खरंच आहे. आधीच्या नऊ कॅसेटींचंही तसंच करणार. जेवढ्या उरल्यात तेवढ्यांचं.” मी गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. “गेलेल्यांचं काही करता येत नाही.”

तो काही समजावत बसला नाही, ते बरं झालं. नुसता माझ्या समोर बसला आणि पेनाचं टोपण काढलं.

दुपारभर आम्ही खोडत होतो. तो काळं करायचा, मी बाजूला लिहायची. खिडकीतून उन्हाचा पट्टा सरकत होता. बाहेर कुणाची तरी कोंबडी अंडं घातल्याची दवंडी पिटत होती.

“कंजेंगची आठवण येत नाही?” मी विचारलं.

“येते. सकाळी फार येते. इबू तर मशीन चालवताना मधेच थांबते, त्याच्या उत्तराची वाट बघत.”

“मग?”

“मग काय? त्याला घराची आठवण येते, हे तू रेकॉर्ड केलंस की. आम्हाला तेवढं पुरतं.” थोडं थांबून म्हणाला, “परवा दोन पिंजऱ्यांचं काम परत केलं मी. खुर्च्या करेन म्हणतो. तुझ्या या खुर्चीचा तसाही एक पाय लुळा आहे.”

“लुळा नाही. तिला डावीकडे झुकायची सवय आहे.”

“डावीकडे मी बसतो म्हणून?”

“गप्प बस आणि खोड.”

तो खोडत राहिला. पण हसू काही खोडता आलं नाही त्याला. ना मला.

गठ्ठा संपत आला. मी मोजले. नव्याण्णव. परत मोजले, परत नव्याण्णव. बघते तर एक कागद त्याच्या मांडीवर उलटा ठेवलेला.

“ते काय?”

“हे राहू दे,” तो हळूच म्हणाला.

“राहू दे कसं? आण इकडे.”

“रुमांती... एक राहू दे.” त्यानं तो कागद सरळ केला. सगळं काळं केलेलं होतं, फक्त ओढ्याचं नाव तसंच होतं. “बाकीचे नव्याण्णव डोळे मिटून केले मी. पण हा शेवटचा... तू मला तिथे भेटलीस. ते नाव माझ्या हातानं खोडलं जात नाही. पाच दिवस मी तुझ्या निरोपाची वाट बघितली, आणि पाचही दिवस वाटत होतं, कंजेंग गेला तेव्हासुद्धा घर इतकं रिकामं नव्हतं झालं. बोलता येत नाही मला. येत असतं तर वेळेवरच बोललो नसतो का? तू आवडतेस मला. फार आवडतेस.”

कोंबडीसुद्धा गप्प झाली होती. असं कुणी कधी मला म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं असतं तरी मी असं ऐकलं नसतं.

मी त्याच्या हातातून कागद घेतला. पेन घेतलं. आणि त्या नावावरून एक जाड, काळीभोर रेघ ओढली. मग दुसरी.

तो बघतच राहिला. “खोडलंस?”

“खोडलं. कागद कुणाच्याही हाती लागतो.” त्याची बोटं शाईनं बरबटली होती, मी ती माझ्या हातात घेतली, आणि माझीही बरबटली. “छापखानेवाल्यानं फक्त आपली नावं वाचली, म्हणजे आता ते नाव जगात फक्त दोघांना माहीत आहे. एक मी आणि एक तू. मला तू पहिल्या दिवसापासून आवडतोस, हंदारू, आणि आता तर तुझ्याकडे माझं एवढं मोठं गुपित आहे. ते घेऊन कुठे जाणार आहेस?”

“कुठेच नाही,” तो म्हणाला.

आणि गेला नाही.